उन्हाळ्यात कुत्र्याला घेऊन डोंगरावर: छोट्या, सोप्या चढाईची पूर्ण तयारी

पट्टा हातात घेतल्याबरोबर कुत्रा दाराशी जाऊन उभा राहतो. ऊन किती आहे, चढ किती आहे, वाटेत पाणी आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. तुम्ही निघालात म्हणजे तोही निघाला. डोंगरावर नेमका हाच गुण त्याच्या जिवावर बेतू शकतो. माणूस दमला की कुरकुरतो, बसकण मारतो, ‘आता पुरे’ म्हणतो. कुत्रा मात्र शेपटी हलवत, धापा टाकत मागे येत राहतो आणि पाय लटपटायला लागल्यावरच थांबतो. तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून थांबायचं कधी आणि परत फिरायचं कधी, हे त्याच्या वतीने तुम्हालाच ठरवावं लागतं. पुढची सगळी तयारी त्यासाठी आहे.

इथे डोळ्यांसमोर आहे ती जाऊन-येऊन ४ ते ६ किलोमीटरची, २०० ते ३०० मीटर उंची चढणारी, सकाळी निघून उन्हं तापायच्या आत खाली आणणारी वाट. पहिल्यांदा जाताय तर यापेक्षा मोठं काही ठरवू नका.

आधी कुत्र्याकडे नीट पाहा

निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ते ४१ च्या आसपास गेलं की जिवाला धोका सुरू होतो. म्हणजे हाताशी जेमतेम दोन अंश असतात. घाम येण्याची सोय त्याच्याकडे जवळपास नाहीच. पंज्यांच्या गाद्यांना थोडा घाम येतो, पण त्याने शरीर थंड होत नाही. जीभ, तोंड आणि नाक यांतली ओल वाफ होऊन उडते तेव्हाच त्याची उष्णता बाहेर पडते. हवा दमट असेल तर ती ओल उडत नाही आणि कुत्रा नुसताच धापत राहतो. त्यामुळे कोरड्या ३० अंशांपेक्षा दमट, वारा पडलेले २७ अंश जास्त वाईट ठरू शकतात. हवामानाचा अंदाज बघताना तापमानाच्या शेजारचा आर्द्रतेचा आकडाही वाचायचा, तो यासाठी.

पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, पेकिनीज, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद. माझं मत स्पष्ट आहे: यांना उन्हाळ्यात डोंगरावर नेऊ नये. संध्याकाळी सावलीतल्या सपाट रस्त्यावर ते तितकेच खूश असतात. स्थूल कुत्रा, म्हातारा कुत्रा, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेला कुत्रा यांच्याबद्दल आधी पशुवैद्याशी बोला. पिल्लांची हाडं अजून वाढत असतात. लहान जातींमध्ये ही वाढ वर्षभरात पुरी होते, फार मोठ्या जातींमध्ये दीड वर्षही लागतं. तोवर लांब चढ-उतार आणि खडकांवरून उड्या नकोत.

दाट, दुहेरी केसांच्या कुत्र्याला उन्हाळा आला म्हणून भादरू नका. वरचा थर ऊन अडवतो. नीट विंचरून आतले सुटे केस काढले तरी त्याला पुरेसं मोकळं वाटतं.

वाट निवडताना

कुत्रे चालतात की नाही, हे सगळ्यात आधी विचारा. पुष्कळ राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत त्यांना बंदी असते, काही ठिकाणी पट्टा बांधूनच परवानगी मिळते.

मग सावली बघा. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून पश्चिमेकडचा उतार उशिरापर्यंत सावलीत राहतो. एकाच डोंगरावर जायला दोन वाटा असतील तर सकाळच्या चढाईला पश्चिमेची घ्या. झाडी असलेली वाट डोंगराच्या उघड्या सोंडेवरच्या वाटेपेक्षा लांबची पडली तरी परवडते. ‘वर गेलं की गार वाटेल’ या भरवशावर मात्र राहू नका. उंचीबरोबर हवा गार होते ती दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. तुमच्या ३०० मीटरच्या चढात जेमतेम दोन अंश हाती लागतील आणि चढण्याच्या श्रमाने कुत्रा त्याहून कितीतरी जास्त तापेल. माथ्यावरचा वारा कामाला येतो, पण तिथवर पोचायचं असतं.

पायाखाली माती, पाचोळा, गवत असेल तर उत्तम. धारदार खडी, घसारा, लांबच लांब उघडा कातळ टाळा. लोखंडी शिड्या किंवा दोर धरून चढायचे टप्पे असलेली वाट कुत्र्यासाठी सोपी नसतेच, लोकांनी तिला कितीही सोपी म्हटलं तरी.

वर्तुळाकार वाटेपेक्षा गेल्या वाटेनेच परत येणं मला जास्त पसंत आहे. कुठल्याही क्षणी मागे वळता येतं आणि उतरताना काय वाढून ठेवलंय ते आधी पाहिलेलं असतं. वर्तुळाच्या मध्यावर कुत्रा बसला, तर दोन्हीकडून अंतर सारखंच.

वेळेच्या हिशोबासाठी विल्यम नेइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही वापरात आहे: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी १ तास. ५ किलोमीटर आणि ३०० मीटरच्या वाटेला त्यानुसार दीड तास लागेल. उन्हाळ्यात कुत्रा बरोबर असताना मी त्याची सरळ दुप्पट करतो, म्हणजे ३ तास. साडेनऊला गाडीपाशी परत यायचं असेल, तर साडेसहाला पाय वाटेवर हवेत.

दोन-तीन आठवडे आधीपासून

रोज वीस मिनिटं घराभोवती फिरणाऱ्या कुत्र्याला रविवारी एकदम डोंगरावर नेऊ नये. दोन-तीन आठवडे फेरी थोडी थोडी वाढवा, त्यात एखादा जिना किंवा टेकाड घाला. यात दम वाढतो आणि पंज्यांची कातडीही टणक होते. गुळगुळीत फरशीवर वाढलेल्या कुत्र्याच्या गाद्या मऊ असतात, दगडांवर लवकर सोलवटतात.

याच दिवसांत दोन सवयी लावून घ्या. पहिली, प्रवासाच्या घडीच्या भांड्यातून पाणी पिण्याची. काही कुत्रे अनोळखी जागी अनोळखी भांड्याला तोंडच लावत नाहीत आणि ते माथ्यावर कळून उपयोग नाही. दुसरी, ओठ उचलून हिरड्या पाहू देण्याची. निरोगी असतानाचा त्याच्या हिरड्यांचा रंग तुमच्या डोळ्यांत बसला पाहिजे, म्हणजे बदल लगेच कळेल. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आतला भाग बघायची सवय करा.

गोचिडांवरचं औषध आणि लसी वेळेवर झाल्यात ना, तेही आताच तपासा. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा चालू फोन नंबर असावा.

सॅकमध्ये काय

सगळ्यात जड वस्तू पाणी, आणि तिथे काटकसर करायची नाही. कुत्र्याला घरी पडून असतानाही दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलीटर पाणी लागतं. २० किलोच्या कुत्र्याला म्हणजे लिटर-सव्वा लिटर, तेही काही न करता. उन्हाळ्यातल्या तीन तासांच्या चालीसाठी अशा कुत्र्याला मी एक लिटर प्यायला आणि वर आणखी एक लिटर वेळ पडली तर अंगावर ओतायला घेतो. तुमचं पाणी वेगळं. दुसऱ्या लिटरला परत येईपर्यंत हात लावायचा नाही.

नकाशावर झरा दिसतो म्हणून पाणी कमी घेऊ नका, उन्हाळ्यात झरे आटतात. साचलेल्या डबक्यातून लेप्टोस्पायरोसिस आणि जिआर्डियासारखे आजार होतात. पाण्यावर हिरवी-निळी साय किंवा रंगासारखा तवंग दिसला, तर त्यात कुत्र्याला उतरूही देऊ नका. त्या शेवाळाचं विष यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर घाला घालतं, आणि पोहून आल्यावर तो अंग चाटतो तेव्हा ते पोटात जातं.

हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा, असा हवा की छातीवर इंग्रजी वायसारखा आकार येईल, खांदे मोकळे राहतील आणि पाठीवर उचलायला मूठ असेल. पट्टा दीड ते दोन मीटरचा, साधा. लांब होत जाणारा गुंडाळीचा पट्टा डोंगरावर नको, तो झुडपांत अडकतो आणि कड्याजवळ हवा तेव्हा आखूड होत नाही.

प्रथमोपचारात जाळीदार कापड, स्वतःला चिकटणारी पट्टी, बारीक टोकाचा चिमटा, छोटी कात्री, जखम धुवायला सलाइन आणि एक जुना मोजा. पंजा कापला तर धुवायचा, जाळीदार कापड ठेवून पट्टी गुंडाळायची आणि वरून मोजा चढवायचा. पट्टीखाली एक बोट सहज जाईल इतकी ती सैल असावी. माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही त्याला घातक ठरू शकतात.

तुमच्या खाऊच्या पिशवीची चेन घट्ट लावा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, मॅकाडेमिया आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम ही सगळी कुत्र्याला विषारी आहेत आणि डोंगरावरच्या सुक्या खाऊत यातलं काही ना काही हमखास असतं.

शेवटी एक मजबूत चादर. कुत्रा चालू शकला नाही, तर दोघांनी चादरीच्या झोळीतून त्याला खाली आणता येतं. २५ किलोचा कुत्रा एकट्याने दोन किलोमीटर उतरवून आणणं बहुतेकांना जमत नाही. तुम्हाला जमणार नसेल, तर सोबतीला माणूस घ्या. जवळचा पशुवैद्य सकाळी किती वाजता उघडतो ते विचारून ठेवा आणि नंबर फोनमध्ये भरून ठेवा.

निघण्याची सकाळ

खायला द्यायचंच तर दोन-तीन तास आधी, तेही थोडं. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो, म्हणून भरल्या पोटी पळापळ नको. मी पूर्ण जेवण परत आल्यावर, श्वास शांत झाल्यानंतर तासाभराने देतो. वाटेत त्याच्या नेहमीच्या खाण्यातले चार-सहा तुकडे पुरतात. पाणी मात्र निघण्याआधी मनसोक्त.

शी सुरुवातीलाच होऊन गेली तर बरं. पिशवीत भरून खाली आणणं सगळ्यात चांगलं. तेच शक्य नसेल तर वाटेपासून आणि पाण्यापासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल पुरा.

चढताना

पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू चाला. त्याला हुंगू द्या, अंग मोकळं होऊ द्या. सुरुवातीच्या उत्साहात तो ओढत असतो आणि बरेच जण त्याच वेगाने चालायला लागतात. पुढच्या तासाचा दम तिथेच संपतो.

पट्टा सोडू नका. मोकळा कुत्रा पुढे पळतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. तुमचे पाच किलोमीटर होतात तेव्हा त्याचे कितीतरी जास्त झालेले असतात. त्यात बिळात तोंड घालणं, पक्ष्यामागे कड्यापर्यंत धावणं, दुसऱ्याच्या कुत्र्याशी भांडण. साप बहुतेकदा आपल्या चाहुलीने निघून जातो, पण उंच गवतात नाक घालणाऱ्या कुत्र्याला तो तोंडावर चावतो. असं झालं तर चावा कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. कुत्र्याला चालू न देता उचला आणि थेट पशुवैद्याकडे न्या.

गुरं चरत असतील तर लांबून वळसा घ्या, वासरं असतील तर आणखी लांबून. गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या. तिचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून वाचतो, त्याला कवटाळलेला माणूस तुडवला जातो. मेंढ्यांच्या राखणीचे कुत्रे भुंकत पुढे आले तर जागीच थांबा, ओरडू नका, काठी उगारू नका. आपल्या कुत्र्याला मागे घेऊन आल्या वाटेने हळूहळू मागे सरका.

दर १५-२० मिनिटांनी सावलीत थांबायचं, त्याने मागितलं नाही तरी. थोडं पाणी द्यायचं, एकदम भांडंभर ढोसू द्यायचं नाही. आणि मग पाहायचं. पाच मिनिटांत धाप उतरत असेल तर ठीक. जीभ टोकाशी चमच्यासारखी रुंद होऊन लोंबत असेल, तर शरीर सगळी ताकद लावून उष्णता बाहेर टाकतंय असं समजा. लाळ दाट, चिकट झाली का? हिरडीवर बोट दाबून सोडा: पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. वागणंही वाचा. मघापर्यंत पुढे ओढणारा कुत्रा मागे रेंगाळू लागला, एका सावलीतून दुसऱ्या सावलीकडे घाईने जाऊ लागला, हाक मारल्यावर उशिरा बघू लागला, तर चढ तिथेच संपला. सावलीत पुरेसा वेळ बसा आणि उतरा.

माझ्या कुत्रीने एकदा हेच केलं होतं. माथा समोर दिसत होता, फार तर वीस मिनिटांची चाल उरली होती आणि ती प्रत्येक झुडपाखाली बसत होती. उठवलं की उठायची, शेपटीही हलवायची. बरोबरचे म्हणत होते, बघ की, येतेय. मी तिथूनच वळलो. खाली ओढ्यात पोट टेकून ती दहा मिनिटं बसून राहिली, तेव्हा किती तापली होती ते मला कळलं.

ऊन लागलंच तर

हिरड्या लालभडक किंवा फिक्या, धाप थांबत नाही, तोल जातो, उलटी किंवा जुलाब होतात, कुत्रा कोसळतो किंवा झटके येतात. यातलं काहीही दिसलं की पहिलं काम त्याला थंड करण्याचं. गाडीकडे धावायचं नंतर.

सावलीत घ्या. राखून ठेवलेलं पाणी पोट, काखा, जांघा, पाय आणि मग सगळ्या अंगावर ओता, केसांच्या मुळाशी पोचेल असं हाताने चोळत. टोपीने, नकाशाने, हाताला लागेल त्याने वारा घाला. पाणी बर्फाळ नसलं तरी चालतं, बाटलीतलं साधं पाणी त्याच्या अंगापेक्षा पुष्कळ थंड असतं. ओढा जवळ असेल तर डोकं पाण्याबाहेर धरून त्याला त्यात बसवा. ओला टॉवेल पांघरून तसाच ठेवू नका. तो लवकरच गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे धरा, पण तोंडात ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

थर्मामीटर जवळ असेल तर ३९.५ अंशांवर आल्यावर थांबा. नसेल तर श्वास शांत झाला किंवा अंगाला कापरं भरलं की थांबा. मग पशुवैद्याकडे, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून किंवा एसी लावून. तो उठून नेहमीसारखा वागायला लागला तरीही न्यायचंच. मूत्रपिंडाला झालेली इजा आणि रक्त गोठण्यातला बिघाड काही तासांनीही समोर येऊ शकतो.

उतरताना

उतार सोपा वाटतो, म्हणून तिथे लक्ष सुटतं. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, उतारावर तो आणखी पुढे सरकतो. खांदे आणि पुढची मनगटं हाच भार तासभर सोसतात. मोठ्या पायरीवरून किंवा दगडावरून त्याला उडी मारू देऊ नका. आधी तुम्ही उतरा, मग हार्नेसची मूठ धरून आणि छातीखाली हात देऊन त्याला घ्या. पट्टा कंबरेला बांधलेला असेल तर उतारावर सोडून हातात घ्या, त्याने झेप घेतली तर तुम्ही तोंडावर आपटाल.

सकाळी गार लागलेला कातळ आता तापलेला असतो. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या गाद्यांनाही सोसवत नाही. गवताच्या कडेने, झाडांच्या मुळांकडून वाट काढा.

उन्हाळ्यात डोंगरांवर दुपारनंतर वादळी ढग चढतात. गडगडाटाला घाबरलेला कुत्रा हार्नेसमधून निसटून पळतो. लवकर खाली येण्याचं हेही एक कारण.

गाडीपाशी आणि घरी

उन्हात उभ्या गाडीची सगळी दारं उघडून आतली हवा आधी बाहेर जाऊ द्या. परतीच्या वाटेवर त्याला बंद गाडीत ठेवून कुठे थांबू नका. बंद गाडीतलं तापमान तासाभरात सुमारे २० अंशांनी वाढतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

घरी आल्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत बोटं फिरवा. गोचिडी कानांत, पापण्यांजवळ, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यात लपतात. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून, न पिळता, सरळ सावकाश ओढायची. तेल लावणं, चटका देणं असले उपाय नकोत. मग कुसळं बघा. ती उलट्या काट्यांमुळे पुढेच सरकतात, बोटांच्या मधून कातडीत शिरतात, कानात आणि नाकात जातात. एकाच बाजूला डोकं झटकत राहणं, सलग शिंका येणं, एकच पंजा सारखा चाटत बसणं यातलं काही दिसलं तर पशुवैद्याला दाखवा, घरी कोरत बसू नका. गाद्या धुऊन, पुसून, भेगा आणि सोललेली कातडी तपासा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपेतून उठून पहिली दहा पावलं कशी टाकतो ते बघा. थोडा ताठरपणा चालतो, तो दिवसभरात जातो. लंगडत असेल आणि त्याच्या पुढच्या दिवशीही लंगडणं टिकलं, तर डॉक्टरकडे न्या. सगळं नीट असेल, तर पुढच्या वेळी अंतर वाढवा किंवा चढ वाढवा. एका वेळी दोन्ही नको.